काळ्या घोड्यावरचा उजेड

मिनिएचर, म्हणजे छोटा पुतळा, रंगवताना काळ्याच्या बाबतीत एक ठरलेला रस्ता आहे. आधी सगळं काळं करायचं, मग त्याच काळ्यात पांढरा मिसळत करडा करायचा आणि तो कडांवरून फिरवायचा. जोडा असो, घोडा असो, तोफेची नळी असो, सगळ्यांना तोच करडा. शेवटी चामडं कोणतं आणि लोखंड कोणतं ते ओळखू येत नाही. काळं म्हणून जे लावलं तेही हातभर लांबून मळकट दिसतं. मला हा रस्ता कधीच पटला नव्हता. यंदा तो बाजूला ठेवला आणि एक अख्खं मिनिएचर काळ्यासाठीच रंगवायला घेतलं.

अठराव्या शतकातला मराठा स्वार. उभा माणूस ५४ मिलिमीटर भरेल असं माप, म्हणजे १:३२. रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला. माझ्या मनात तो शिलेदार होता. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, आणि इतकं देखणं जनावर स्वतःचंच असणार. घोडा काळा, खांद्यावर घोंगडी काळी, पाठीवर ढाल काळी, खोगिराचे पट्टे काळे. चारही एकमेकांना खेटून. बघणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे की ही कातडी, ही लोकर, हे लाखेचं रोगण आणि हे वापरून झिजलेलं चामडं. स्वतःला घातलेली अट एवढीच होती.

ब्रश हातात घेण्याआधी काळा घोडा नीट बघायचा होता, आणि त्यासाठी खानदेशासारखी जागा नाही. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात तापीच्या काठावर सारंगखेडा आहे. तिथं दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे, सगळे एका ठिकाणी. मामा शहाद्याचे. त्यांचं अर्धं आयुष्य या बाजारात फिरण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांनाच सोबत घेतलं. बाजाराच्या भाषेत काळा घोडा म्हणजे मुश्की. मी एका घोड्यासमोर वही उघडून उभा राहिलो तर मामा म्हणाले, "आरे भाचा, मुश्की शे तो. सावलीमा काया, उनमा निया." सावलीत काळा, उन्हात निळा.

मला हवं होतं ते सगळं त्या वाक्यात होतं. सकाळचं कोवळं ऊन होतं, आभाळ स्वच्छ. घोड्याच्या पुठ्ठ्यावर, पाठीच्या वरच्या अंगाला आणि मानेच्या कमानीवर सरळ निळसर करडा उजेड होता. पोटाखाली मात्र निळ्याचा मागमूस नाही. तिथं जमिनीवरची पिवळट धूळ उजेड वर फेकत होती आणि काळ्यावर फिकट तपकिरी झाक आली होती. आयाळीची टोकं उन्हानं तांबूस झालेली. काखेपाशी आणि कुशीच्या मऊ जागीही तसाच विटका तांबूसपणा. गालाच्या हाडावर उजेडाची रेघ बारीक आणि धारदार, पुठ्ठ्याच्या मांसल गोलाईवर तोच उजेड रुंद आणि कडा विरलेला. कातडीखाली हाड जवळ असेल तर रेघ, मांस असेल तर पट्टा. वहीत हे दोन शब्द मी मोठ्या अक्षरांत लिहिले.

मग तोच घोडा मांडवाखाली नेला आणि निळा गेला. मांडव एकाच बाजूनं उघडा होता. त्या बाजूला अंगावर उभा एक पट्टा राहिला आणि बाकी सगळं घोड्याचं अंग एकजीव काळं. डोळा आणि नाकपुडीची ओली कड तेवढी चमकत होती.

फोटोवर मी फारसा भरवसा ठेवला नाही. चौकटभर काळा घोडा आला की मोबाईल आपोआप चित्र उजळवतो आणि काळ्याचा करडा करून टाकतो. एक्सपोजर हातानं खाली ओढून काढलेले थोडे फोटो कामाला आले. बाकी सगळं वहीतल्या टिपणांवर.

निळा का दिसतो, याचं कारण समजून घेतलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. लाल कापडावर पडलेला उजेड रंगात शिरतो, तिथून लाल होऊन बाहेर येतो, म्हणून लालाची उजळ बाजूसुद्धा लालच असते. काळ्यात शिरलेला उजेड बाहेर येतच नाही. पांढरा कागद अंगावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत देतो, साधा काळा रंग जेमतेम चार-पाच टक्के. आणि जो परत येतो तो बहुतेक पृष्ठभागावरूनच उसळलेला असतो, म्हणून त्याला वस्तूचा नाही, उजेड जिथून आला तिथला रंग असतो. वर आभाळ असेल तर निळा, खाली धूळ असेल तर पिवळा, शेजारी दिवटी असेल तर नारिंगी. २०१४ साली व्हँटाब्लॅक नावाचं आवरण जगापुढे आलं, ते ९९.९६५ टक्के उजेड गिळतं. त्याचा लेप दिलेल्या चुरगळलेल्या फॉइलच्या सुरकुत्या दिसेनाशा होतात, वस्तू सपाट भोक वाटते. काळ्याला आकार देतो तो त्याच्यावरून उसळलेला उजेड. तेव्हा काळं रंगवायचं म्हणजे तो उजेड रंगवायचा: कुठे पडला, किती रुंद, कड कशी, रंग कोणता. या चार प्रश्नांची उत्तरं प्रत्येक काळ्यासाठी वेगळी असतात.

काम जळगावला घरीच सुरू केलं. रेझिन साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन वाळवलं आणि काळ्या प्रायमरचा, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी लावायच्या रंगाचा, हात दिला. त्यावर समोरून डाव्या बाजूनं, साधारण पंचेचाळीस अंशांतून पांढऱ्या स्प्रेची हलकी फवार. उजेड त्या दिशेनं आला तर कुठे पडेल त्याचा हा नकाशाच. चारही बाजूंनी फोटो काढून घेतले, कारण पुढे रंगाखाली तो झाकला जातो. थंडीत हे काम दिवसभरात केव्हाही करता येतं. चैत्रानंतर मात्र आमच्याकडे स्प्रे पहाटेच मारावा. पारा चढलेला असताना फवाऱ्याचे कण हवेतच वाळतात आणि अंगावर रवाळ बसतात.

घोड्याचा मूळ रंग शुद्ध काळा नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी सम प्रमाणात घेतले की खोल, जवळजवळ काळा रंग तयार होतो. त्यात ट्यूबमधल्या काळ्याचा एक टिपका. काळा नेहमी शेवटी आणि थेंबाथेंबानं घालावा. कार्बनचा काळा फार जोरकस असतो, सगळ्या मिश्रणाला गिळतो. अजिंठ्याच्या चित्रकारांचा काळाही काजळीचाच, म्हणजे कार्बनच. मूळ रंग असा किंचित उजळ ठेवण्याचं कारण शेडिंग आहे. सगळा घोडा आधीच कोळशाइतका काळा केला तर त्याच्याहून गडद काही उरत नाही, मग सावली द्यायची कशानं? शुद्ध काळा मी राखून ठेवला आणि पायांच्या आतल्या बाजूला, पट्ट्याखालच्या फटीत, आयाळीच्या मुळाशी, जबड्याच्या घडीत, एवढ्याच ठिकाणी दिला. लहान मापाच्या वस्तूवर काळा एरवीही खऱ्यापेक्षा जड दिसतो, त्यामुळे मूळ रंग थोडा उचललेला असावा असंही माझं मत आहे.

उजेडाचे थर त्यानंतर. मूळ रंगात निळसर करडा थोडा थोडा वाढवत पायऱ्या केल्या आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या आत, तिच्याहून लहान. पांढरा थेट काळ्यात मी घालत नाही. काजळीच्या काळ्यात पांढरा पडला की थंड, खडूसारखा करडा होतो. करडा आधी वेगळा बनवायचा, पांढऱ्यात अल्ट्रामरीन आणि चिमूटभर अंबर घालून, आणि मग तो काळ्यात सोडायचा. पायऱ्यांमधलं अंतर फार कमी ठेवावं लागतं. गडद रंगावर डोळा अगदी थोडा फरकही पकडतो. लाल अंगरख्यावर जी उडी चालते ती काळ्यावर पट्टेरी दिसते.

रंग किती पातळ, हा प्रश्न नेहमी येतो. पहिले थर दुधाइतके. त्यांच्यावर ग्लेझ, म्हणजे रंगाच्या एका थेंबाला पाच-सहा थेंब पाणी आणि थोडं मीडियम, म्हणजे रंग पातळ करायचा बिनरंगी द्रव. ब्रश पॅलेटवर भरायचा, टिश्यूवर टेकवून जादाचं पाणी काढायचं आणि मगच अंगावर न्यायचा. ब्रश ओढायचा तो नेहमी ज्या दिशेला रंग साठायला हवा त्या दिशेला, कारण जिथं ब्रश उचलतो तिथं रंग जास्त बसतो. पुठ्ठ्यावर मी खालून वर ओढत गेलो. पायऱ्या पुरेशा विरघळल्या की मूळ काळ्याचा तसाच पातळ ग्लेझ वरून खाली. उजेड वर नेणं आणि काळा खाली आणणं असं आळीपाळीनं चालतं. काळ्या रंगात हे परत खाली आणणंच अधिक महत्त्वाचं आहे असं मी म्हणेन. अंगाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग गडदच राहिला पाहिजे. तो कमी झाला की घोडा काळा राहत नाही, करडा होतो, मग ब्लेंडिंग कितीही मऊ असो.

पोटाखाली पिवळ्या मातीच्या रंगाचा इतका पातळ ग्लेझ दिला की तो वेगळा रंग म्हणून दिसू नये. कुशीला आणि काखेत अंबर. आयाळीच्या टोकांना तांबूस. निळा वर आणि तपकिरी खाली आल्याबरोबर घोडा उघड्यावर उभा वाटू लागला. पांढऱ्याच्या जवळ जाणारा ठिपका फक्त डोळ्यात आणि नाकपुडीच्या ओल्या कडेवर.

हा घोडा मी पंचकल्याणी केला, चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. बाजारात त्याला मान आहेच, पण मला दुसरं कारण होतं. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत १८२४ पासून मिशेल युजीन शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगणीचं काम बघत होते. तिथला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर धाग्यात दोष नव्हता. निळ्या-जांभळ्या रंगांच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा कमजोर दिसत होता. शेजारच्या रंगांचा हा परिणाम त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला. मिनिएचरवर तो रोज उपयोगी पडतो. पांढऱ्या पायांच्या वर सुरू होणारं काळं अंग आपोआप अधिक काळं झालं, मला वेगळं काही करावं लागलं नाही. याच कारणानं स्वाराचा अंगरखा निळा न ठेवता फिकट बदामी केला.

घोंगडीचं काम अगदी उलट्या अंगाचं. लोकर उजेड उसळवत नाही, विखुरते. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या खांद्यावरची काळी घोंगडी बघा, तिच्यावर चमक नावाला नसते. मेंढीच्या मूळ काळ्या लोकरीला उन्हापावसात तपकिरी छटा येते आणि घडीचा उंचवटासुद्धा फक्त किंचित फिका दिसतो. इथं निळा पूर्ण बंद. मूळ रंग काळा अधिक अंबर, वरचा उजेड मातकट तपकिरी करडा, आणि शेवटची पायरी घोड्यावरच्या मधल्या पायरीपेक्षाही गडद. ब्रश ओढायचा नाही, टोकानं ठिपके द्यायचे: घडीच्या माथ्यावर दाट, उताराला विरळ. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायांकनाचे तीन प्रकार सांगितलेले आहेत, पत्रज, आहैरिक आणि बिन्दुज. त्यातला बिन्दुज म्हणजे ठिपक्यांचा. आजचे मिनिएचरवाले ज्याला स्टिपलिंग म्हणतात त्याची इतकी जुनी नोंद आपल्याकडे आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. घोंगडीच्या पदरावर मग विणीच्या दिशेनं केसाएवढ्या रेघा मारल्या, सगळीकडे नाही, फक्त जिथं उजेड आहे तिथं. सावलीत पोत दाखवला की सावली मरते.

ढालीसाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवला होता. ढाल कातड्याची, वर लाखेचं काळं रोगण, चार पितळी फुलं बसवलेली. रोगणाचा काळा आरशाच्या जातीचा, त्याच्यात समोरचं जग दिसतं. ते बघायला एका प्लास्टिकच्या चमच्याची पाठ काळ्या चकचकीत नेलपॉलिशनं रंगवली आणि अंगणात उन्हाकडे धरली. वरच्या अंगाला आभाळाचा फिकट निळा पट्टा, चमच्याच्या गोलाईबरोबर वाकलेला. त्याची खालची कड एकदम तुटलेली, तिथं क्षितिज. क्षितिजाच्या लगेच खाली सगळ्यात गडद काळं, मग कडेकडे जाताना अंगणाच्या फरशीचा मंद तपकिरी उजेड. आणि निळ्या पट्ट्यात, सूर्याच्या बाजूला, एक पांढराशुभ्र ठिपका. घोड्यावर हे सगळं विरत जाणारं होतं, इथं सगळं कापल्यासारखं. चमचा टेबलावर ठेवून ढालीवर तसंच उतरवलं. निळा पट्टा, त्याची वरची कड किंचित विरलेली आणि खालची ठाम, मग शुद्ध काळा, मग तपकिरी. शेवटचा पांढरा ठिपका न मिसळता, एका स्पर्शात. पितळी फुलांच्या सावल्या मात्र इतर ठिकाणी उठून दिसल्या नाहीत, त्या निळ्या पट्ट्यावरच दिसल्या. काळ्यावर सावली दाखवायची असेल तर तिच्या भोवती उजेड लागतो.

हे करेपर्यंत वैशाख लागला होता. आमच्या भागात तेव्हा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, पंखा चालू असेल तर ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतो. वेट पॅलेटशिवाय हे काम शक्य नाही. डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, एवढंच ते असतं. डबा मी मधून मधून फ्रीजमध्ये ठेवत होतो आणि रंग उशिरा वाळावा म्हणून त्यात रिटार्डरचा थेंब टाकत होतो. पंखा छताचा चालू न ठेवता पायाशी टेबलफॅन लावला की हात कोरडा राहतो आणि पॅलेटवर वारा येत नाही.

खोगिराचे पट्टे लवकर झाले. चामड्याची चमक ढालीइतकी टोकदार नाही आणि घोंगडीइतकी मेलेलीही नाही, पट्टा जिथं वळतो तिथं मध्यम उजेड. कडा झिजून आतलं कच्चं चामडं दिसतं, म्हणून कडेला तपकिरी. कडांवर उजळ रेघ मारण्याची जी सरसकट पद्धत आहे ती इथं योग्य आहे, कारण इथं ती झीज दाखवते. पण तीही अखंड ओढू नये. बकलापाशी, मांडी घासते तिथं, अशी तुटक द्यावी.

मधे मधे मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघत होतो. रंग काढून टाकल्यावर चारही काळे वेगळे दिसतात का, ही खरी परीक्षा. घोंगडी आणि घोड्याची मान एकमेकांत मिसळत होती, म्हणून मानेच्या त्या कडेला निळा अर्धी पायरी वर नेला आणि घोंगडीच्या खाली शुद्ध काळ्याची बारीक रेघ दिली. दोन्ही सुटे झाले.

व्हार्निशबद्दल माझं मत ठाम आहे. ढालीला खरं ग्लॉस व्हार्निश लावा असं पुष्कळजण सांगतात. या मापावर मी लावत नाही. रंगवलेलं आभाळ एका बाजूला आणि खोलीतल्या ट्यूबलाइटची खरी चमक दुसऱ्या बाजूला, असं झालं की डोळ्याला दोन सूर्य दिसतात. सगळ्या मिनिएचरला मॅट, ढालीला आणि पट्ट्यांना वरून फक्त सॅटिनचा पातळ हात, आणि ग्लॉसचा टिपका घोड्याच्या डोळ्यात. मॅट व्हार्निश काळ्याला थोडं उचलतं, ते वाळल्यावर सगळ्यात गडद जागा किंचित करड्या दिसतात. म्हणून व्हार्निशनंतर फटींमधला शुद्ध काळा आणि ढालीवरचा पांढरा ठिपका पुन्हा एकदा द्यायचा. दमट हवेत मॅट व्हार्निश दुधाळही पडतं. आमच्याकडे मृगाचा पाऊस येईपर्यंत हवा ठणठणीत कोरडी असते, त्यामुळे हे काम ज्येष्ठाच्या सुरुवातीलाच उरकलं. आता स्वार कपाटात डाव्या खिडकीकडे तोंड करून ठेवलाय, कारण ढालीवरचा ठिपका त्याच बाजूला आहे.